तीन आहेत, चौथी आणावी का?

घरात दोन किंवा अधिक कुत्रे आहेत, दारात आणखी एक उभा आहे, आता काय करावे, हा प्रश्न या सदराकडे येणाऱ्या पत्रांत वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला जातो. या वेळी अशी चार पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण एरवी विखुरलेल्या जवळजवळ सगळ्याच अडचणी त्या एका घरात एकत्र आल्या आहेत.

प्रश्न : आमच्याकडे तीन कुत्रे आहेत. राणी १२ वर्षांची असून गेल्या वर्षापासून तिला मागच्या पायांच्या सांधेदुखीचा त्रास आहे. शेरू ६ वर्षांचा नर, स्वभावाने अतिशय शांत. चिंगी अडीच वर्षांची. ती पिल्लू असताना आमच्याकडे आली. तिघांचीही नसबंदी झालेली आहे. माझ्या मैत्रिणीने १० महिन्यांच्या एका मादीला रस्त्यावरून उचलून आणून तात्पुरते सांभाळले आहे आणि १५ दिवसांत तिच्यासाठी घर सापडले नाही, तर मैत्रिणीची फार पंचाईत होणार आहे. आम्ही तिला दोनदा भेटलो, शेरूलाही सोबत नेले होते. दोघे तासभर छान खेळले. मुलांनी तिचे नावसुद्धा ठरवून टाकले आहे. मला एकच शंका आहे. गेल्या चार महिन्यांत चिंगी आणि राणी यांच्यात दोनदा जुंपली, एकदा मी बाहेरून घरी आले तेव्हा दारात आणि एकदा स्वयंपाकघराच्या तोंडाशी. जखम कोणालाच झाली नाही. माझ्या पतीचे म्हणणे असे की, कोण वरचढ हे कुत्रे आपापसांत एकदा ठरवून टाकतात आणि मग शांत होतात. शिवाय जिथे तिघांचे भागते तिथे चौथीचेही भागेल. आम्ही दोघे नोकरी करतो, दिवसा सासूबाई घरी असतात. तिला आणावे का?

उत्तर : तुम्ही सरळ विचारले आहे, म्हणून सरळच सांगते. आत्ता आणू नका. त्या मादीत काही खोट आहे असे मला वाटत नाही आणि तुमच्या मायेबद्दल तर शंकाच नाही. पण तुमच्या घरात या घडीला एक भांडण मिटायचे राहिले आहे, आणि त्या भांडणातून जिला पळून बाजूला होता येत नाही ती राणी आहे.

आणखी एक कुत्रा आणताना आपण एक भांडे, एक पट्टा आणि एक बिछाना वाढेल असा हिशेब मांडतो. प्रत्यक्षात वाढतात त्या जोड्या. दोन कुत्र्यांत एकच जोडी असते; तीन झाले की जोड्या तीन होतात, चार झाले की सहा आणि पाच झाले की दहा. म्हणजे कुत्रा एकच वाढला, तरी तुमच्या घरातील जोड्या दुप्पट होणार आहेत, आणि नव्याने तयार होणाऱ्या तीन जोड्यांपैकी तुम्ही पारखून पाहिलेली जोडी एकच आहे, शेरू आणि ती. तीच सर्वांत सोपी होती. नसबंदी झालेला, शांत, मध्यम वयाचा नर आणि एक अल्लड मादी मोकळ्या जागेत तासभर खेळली, यावरून चिंगी आणि ती अरुंद दारात समोरासमोर आल्यावर काय करतील, किंवा ती धावत येऊन राणीच्या दुखऱ्या पायांवर आदळली तर राणी काय करील, याचा काहीही अंदाज बांधता येत नाही.

एकाच घरात राहणाऱ्या कुत्र्यांच्या भांडणांविषयी २०११ मध्ये एका अमेरिकी पशुवैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. भांडणांमुळे तज्ज्ञांकडे आणलेल्या ३८ जोड्या त्यात पाहिल्या होत्या. त्यांतील ७९ टक्के जोड्या एकाच लिंगाच्या होत्या, निम्म्याहून अधिक जोड्यांत किमान एक मादी होती, आणि बहुतेक घरांत भांडण उकरून काढणारा कुत्रा हा वयाने लहान आणि घरात नंतर आलेला होता. ठिणगी पडण्याच्या जागाही ठरावीक होत्या : मालकाचे लक्ष, खाणे, उत्साहाचा क्षण आणि कुठेतरी सापडलेली एखादी वस्तू. आकड्यांचा अर्थ मात्र जपून लावावा लागतो. या जोड्या मुळात भांडणासाठीच दवाखान्यात आलेल्या होत्या. दोन माद्या सुखाने नांदणारी घरे कोणत्याही दवाखान्याच्या नोंदवहीत येत नाहीत, आणि अशी घरे पुष्कळ आहेत. तरीही तुमच्या पत्रातील दोन्ही प्रसंग, मालकीण घरी येण्याचा क्षण आणि स्वयंपाकघराचे तोंड, त्या यादीशी इतके तंतोतंत जुळतात की मला त्याकडे दुर्लक्ष करवत नाही. त्यात तुम्ही आणू पाहता ती तिसरी मादी आहे, आणि ती सर्वांत लहान असणार आहे.

तिच्या वयाचाही विचार करायला हवा. दहाव्या महिन्यात कुत्र्याचे शरीर जवळजवळ पूर्ण वाढलेले दिसते, पण स्वभाव अजून घडत असतो. साधारण १ ते ३ वर्षे या काळात कुत्रे सामाजिकदृष्ट्या प्रौढ होतात, आणि लहानपणी सगळ्यांपुढे लोळण घेणारे पिल्लू याच काळात एखाद्या जागेवर, एखाद्या वस्तूवर किंवा एखाद्या माणसावर हक्क सांगू लागते. चिंगी नेमकी याच टप्प्यावर आहे. पिल्लूपणी ती राणीला वाट देत असे, आता देत नाही, असे तुमच्याकडे घडले असण्याची शक्यता मला दाट वाटते. त्यामुळे आज जी नवी मादी सगळ्यांशी गोड वागते, ती दीड वर्षाने कशी वागेल हे तिच्या आजच्या वागण्यावरून सांगता येणार नाही, आणि चिंगीचे वय तेव्हा ऐन उमेदीचे असेल.

तुमच्या पतीचे म्हणणे अनेक घरांत ऐकू येते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. कळपात एक म्होरक्या असतो आणि बाकीचे झुंजून आपापली पायरी ठरवतात, ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, पिंजऱ्यात ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांतून पुढे आली. अनोळखी लांडगे कोंडून एकत्र ठेवले होते, म्हणून ते झुंजत होते. डेव्हिड मीच या अमेरिकी अभ्यासकाच्या सुरुवातीच्या लेखनातून ही कल्पना दूरवर पोचली, आणि त्याच मीच यांनी १९९९ मध्ये मोकळ्या रानातील लांडग्यांविषयी लिहिताना स्पष्ट केले की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-वडील आणि त्यांची पिल्ले एवढेच कुटुंब असते. तिथे पदासाठी झुंज लागत नाही. घरातले कुत्रे तर लांडगेही नाहीत आणि एकमेकांचे नातलगही नाहीत. त्यांना ‘एकदाचे ठरवू द्या’ म्हणून सोडले, तर दर भांडणागणिक दोघांनाही भांडण्याचा सराव होतो आणि पुढचे भांडण आधीच्यापेक्षा लवकर पेटते. राणीच्या बाबतीत तर ठरवण्यासारखे काही उरलेलेच नाही. तिला फक्त दुखू न देता उठायचे, पाणी प्यायचे आणि परत येऊन आडवे व्हायचे असते.

इथे मला माझ्या स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. अनेक वर्षांपूर्वी माझ्याकडेही तीन कुत्रे होते आणि मी चौथा आणला. भांडण एकही झाले नाही, म्हणून मी समाधानात होते. काही आठवड्यांनी माझा म्हातारा कुत्रा बैठकीतली आपली नेहमीची जागा सोडून न्हाणीघरात जाऊन झोपू लागला. त्याला गार फरशी आवडते, असे मी सगळ्यांना सांगत असे. थंडी पडली तरी तो तिथेच झोपत होता, तेव्हा मी एक दिवस सकाळपासून नुसती बसून पाहत राहिले. नवा कुत्रा गुरगुरत नव्हता की दात दाखवत नव्हता. म्हातारा बैठकीच्या दारात आला की तो फक्त उठून वाटेत उभा राहत असे, अंग ताठ, तोंड मिटलेले, नजर रोखलेली, आणि म्हातारा मान वळवून माघारी जात असे. हे तीन महिने चालले होते आणि मी त्याला शांतता समजत होते. भांडण नाही म्हणजे नांदणूक आहे असे नव्हे, हे मी त्या कुत्र्याकडून शिकले, आणि त्याची किंमत त्याने मोजली.

म्हणून पुढचे तीन आठवडे एक वही ठेवा. राणी दिवसातून किती वेळा स्वतःहून उठते आणि किती वेळा कोणी जवळून गेल्यामुळे उठते, हे लिहा. प्रौढ कुत्रा चोवीस तासांतला निम्मा किंवा त्याहून अधिक वेळ झोपेत वा पडून घालवतो, म्हाताऱ्याला त्याहूनही जास्त विश्रांती लागते. ती तिला अखंड मिळते का, हे पाहा. दाराची घंटा वाजते तेव्हा, तुम्ही घरी येता तेव्हा, पट्टे काढता तेव्हा, खाणे वाढता तेव्हा आणि दोघी अरुंद जागेतून जातात तेव्हा कोण थबकते, कोण ओठ चाटते, कोणाच्या डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागतो, कोण तोंड फिरवते, हे टिपून ठेवा. गुरगुरण्यावर कोणी ओरडत असेल, तर तेवढे आजपासून बंद करा. गुरगुरणे ही कुत्र्याची सभ्य सूचना आहे. ती दाबून टाकली, तर पुढच्या वेळी तो सूचना न देताच चावतो.

वहीइतकाच मोलाचा आणखी एक प्रयोग आहे. चौथी आली आहे असे समजून दोन आठवडे घर चालवून पाहा. एक खोली तिच्यासाठी बंद ठेवा आणि बाकीच्या तिघांना उरलेल्या जागेत राहू द्या. रोज एक फेरी जास्तीची काढा, तीही एकटीने, कारण चौघांना एकत्र फिरवणे पहिले काही महिने शक्य होणार नाही. प्रत्येक कुत्र्याला दिवसातून किमान पंधरा-वीस मिनिटे इतरांपासून वेगळा, फक्त तुमच्यासोबतचा वेळ द्या. खाणे वेगवेगळ्या खोल्यांत वाढा. दोन आठवड्यांनी तुम्ही दमून गेला असाल, तर ते नव्या मादीच्या येण्याआधीच कळलेले बरे.

आणि सासूबाईंना कोणी विचारले आहे का? तुम्ही दोघे कामावर असताना चार कुत्र्यांसोबत घरात त्या एकट्या असणार आहेत. दारात जुंपली तर दोन कुत्र्यांच्या मध्ये जाण्याची वेळ त्यांच्यावर येईल, आणि वयस्कर माणसाला अशा वेळी चावा नव्हे, नुसता धक्का लागून पडणेही महागात पडते. या निर्णयात त्यांच्या होकाराला तुमच्या होकाराइतकेच वजन हवे.

आता राणीकडे वळू. आधी तिला पशुवैद्याकडे न्या आणि भांडणांच्या तारखा सांगा. दुखणाऱ्या कुत्र्याची सहनशक्ती कमी होते. तो लांबूनच गुरगुरू लागतो, आणि त्याची कडक झालेली चाल व ताठ मान समोरच्या तरुण कुत्र्याला आव्हानासारखी वाटते. वेदनाशामक उपचार नीट बसल्यावर घरातले तंटे निम्म्यावर आलेले मी पाहिले आहेत. मात्र माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तिला कधीही देऊ नका. त्यांतील अनेक कुत्र्यांसाठी विषारी आहेत. राणीची नजर आणि कान तपासून घ्या, कारण ऐकू न येणारा कुत्रा झोपेत दचकतो आणि दचकून चावतो. तिचा बिछाना येण्याजाण्याच्या वाटेवरून हलवून कोपऱ्यात, शक्य तर लहान मुलांसाठी लावतात तशा जाळीच्या दरवाजापलीकडे ठेवा. निसरड्या फरशीवर सतरंजी टाका. तुम्ही घरी येता तेव्हा पहिली दहा मिनिटे कोणालाच लाड नकोत. चिंगीला आधीच एका खोलीत ठेवण्याची व्यवस्था सासूबाईंना जमत असेल तर उत्तम.

सलग सहा महिने एकही भांडण झाले नाही, राणीचे दुखणे आटोक्यात आले आणि वहीतील नोंदी तुम्हाला स्वतःला समाधानकारक वाटल्या, तर चौथ्याचा विचार पुन्हा करता येईल. तेव्हाही, तुमच्या घरापुरते सांगायचे तर, मी शांत स्वभावाचा, तीन वर्षांवरचा नर सुचवीन. मैत्रिणीला मात्र पंधरावा दिवस उजाडेपर्यंत अधांतरी ठेवू नका. आजच नाही म्हणा, आणि मग तिच्यासोबत बसून त्या मादीचे चांगले फोटो काढा, तिचा स्वभाव खरा खरा लिहून काढा, लसीकरणाचा आणि नसबंदीचा भार वाटून घ्या, तिला रोज फिरवून पट्ट्याची सवय लावा. पट्ट्यावर नीट चालणाऱ्या आणि लसी पूर्ण झालेल्या १० महिन्यांच्या कुत्रीला घर मिळणे बरेच सोपे असते. मुलांनी ठेवलेले नाव तिच्याबरोबर जाऊ द्या.

प्रश्न : आमच्याकडे ५ वर्षांचा एक कुत्रा आहे. एकाच वेताची दोन भावंडे, दोन महिन्यांची, आम्हाला मिळत आहेत. एकमेकांना सोबत होईल म्हणून दोन्ही आणावीत का?

उत्तर : एकच आणा. दोन पिल्ले एकमेकांत इतकी रमतात की माणसांकडून आणि मोठ्या कुत्र्याकडून शिकायचे ते शिकत नाहीत. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा जगाची ओळख करून घेण्याचा काळ असतो, आणि तो दोघांसाठी वेगवेगळा वापरायचा, म्हणजे वेगळे फिरवणे, वेगळे झोपवणे, वेगळे शिकवणे, हे काम बरोबर दुप्पट होते. बहुतेक घरांत ते होत नाही. मग एकाला बाजूला नेले की दुसरे किंचाळू लागते, आणि दोन्ही माद्या असतील तर दीड-दोन वर्षांनी त्या एकमेकींवर उठण्याचा धोका राहतो. तुमच्या पाच वर्षांच्या कुत्र्यालाही एका पिल्लाला वळण लावणे जमते. दोघांची टोळी त्याच्या अंगावर येते. दुसरे हवेच असेल, तर पहिले दोन वर्षांचे होईपर्यंत थांबा.

प्रश्न : आमच्या दोन कुत्र्यांपैकी मोठा तीन आठवड्यांपूर्वी गेला. धाकटी ९ वर्षांची आहे. ती दारात बसून राहते, निम्मेच खाते, रात्री उठून त्याच्या जागेपाशी जाऊन उभी राहते. तिचे हे हाल बघवत नाहीत. तिच्यासाठी लगेच दुसरा कुत्रा आणला तर ती सावरेल का?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. ती दारात बसते हे लिहिताना तुमचाही हात थांबला असणार.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात, घरातील एक कुत्रा गेल्यावर मागे राहिलेल्या कुत्र्याविषयी ४२६ पालकांना विचारले होते. ८६ टक्के लोकांनी मागे राहिलेल्याच्या वागण्यात बदल झाल्याचे सांगितले : खाणे-खेळणे कमी होणे, जास्त झोपणे, भित्रेपणा वाढणे, माणसांना चिकटून राहणे. दोघे किती वर्षे एकत्र राहिले यापेक्षा त्यांचे आपसांत किती जमत होते, याच्याशी हा बदल अधिक जोडलेला होता. काहींमध्ये तो दोन महिन्यांत ओसरला, तर काहींना सहा महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागला. तेव्हा तीन आठवडे हा फार थोडा काळ आहे. त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे : पालक जितके दुःखात होते, तितका कुत्र्यावरचा परिणामही अधिक दिसला. तुम्ही तिच्यासमोर रडू नये असे मी म्हणणार नाही. पण तिचे फिरणे, खाणे, झोपणे यांच्या वेळा ढळू देऊ नका, आणि मोठ्याचा बिछाना तिला हवा असेल तोवर तिथेच राहू द्या.

निम्मे खाणे एवढ्यावर मात्र सोडू नका. ९ व्या वर्षी भूक मंदावण्यामागे दात, मूत्रपिंड, यकृत किंवा अन्य आजार असू शकतो. याच आठवड्यात तपासणी आणि रक्तचाचणी करून घ्या. दोघांना एकच संसर्गजन्य आजार नव्हता ना, हेही पशुवैद्याला विचारा, कारण मोठा कशाने गेला हे तुम्ही लिहिलेले नाही.

लगेच दुसरा आणण्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. तिला ‘एक कुत्रा’ हरवलेला नाही, तो कुत्रा हरवला आहे. अनोळखी कुत्रा तिच्या घरात, त्याच्या जागेवर येऊन बसला, तर तिच्या दुःखात एका परक्याची भर पडेल. दोन-तीन महिन्यांनी ती पुन्हा खेळायला बोलावू लागली, बाहेर भेटणाऱ्या कुत्र्यांकडे स्वतःहून जाऊ लागली, तर एखाद्या ओळखीच्या, शांत कुत्र्याला अधूनमधून घरी बोलावून पाहा. त्या भेटीनंतर ती खुलते की थकते, हे तुम्हाला दिसेल. काही कुत्रे एकटे राहिल्यावर वर्षभराने अगदी सुखी दिसतात; मोठ्याच्या छायेत जे कधी उमललेच नव्हते ते उमलते. ती त्यांपैकी असेल, तर तिला तसेच राहू द्या.

प्रश्न : आमच्याकडे चार कुत्रे आहेत आणि आता ४ वर्षांचा एक नर पाचवा म्हणून येत आहे. त्याचे पालक आजारपणामुळे त्याला सांभाळू शकत नाहीत. त्याची लसीकरणाची वही पूर्ण नाही. निर्णय आम्ही विचारपूर्वक घेतला आहे, घरात दोन खोल्यांना स्वतंत्र दारे आहेत. भेट कशी घडवावी?

उत्तर : पहिले १४ दिवस त्याची कोणाशीच भेट घडवू नका. पार्व्हो या विषाणूची लक्षणे दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात, कधी १४ दिवसही. डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराला एक ते दोन आठवडे आणि क्वचित त्याहून अधिक. केनेल खोकला, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, हाही दोन आठवड्यांपर्यंत दबून राहू शकतो. वही अपुरी असल्यामुळे तो येण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, त्याच्याही आधी पशुवैद्याशी बोला. रेबीजसह सर्व लसी, जंतनाशक, विष्ठेची तपासणी, गोचिडांवरचा उपाय आणि गोचिडांमुळे होणाऱ्या तापांसाठी रक्तचाचणी हे सारे याच काळात उरकते. त्याची भांडी, पट्टा, बिछाना वेगळा ठेवा. त्याच्या खोलीतून बाहेर पडताना हात धुवा आणि चपला बदला. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही, त्यासाठी विरंजक द्रावण (ब्लीच) लागते. तुमच्या चौघांच्या लसी वेळच्या वेळी झाल्या आहेत ना, हेही पाहा.

हे १४ दिवस वाया जात नाहीत. दाराच्या फटीतून वास पोचतो, आवाज ओळखीचे होतात, आणि नव्याला दुसऱ्या कोणाशी स्पर्धा न करता तुमची ओळख होते. वैद्याने हरकत नाही म्हटल्यावर, शेवटच्या काही दिवसांत एकमेकांच्या चादरी अदलाबदल करता येतात.

भेट घराबाहेर, कोणाचीच मालकी नसलेल्या मोकळ्या जागेत आणि एका वेळी एकाशीच. पाच कुत्रे म्हणजे दहा जोड्या, त्यांतल्या चार नव्या, हे ध्यानात असू द्या. चौघांतला सर्वांत समंजस आधी आणि सर्वांत तापट शेवटी, वेगळ्या दिवशी. दोन माणसे, दोन सैल पट्टे. समोरासमोर न आणता दहा-पंधरा पावलांच्या अंतरावरून एकाच दिशेने चालत राहा आणि दोघे निवांत झाले की अंतर हळूहळू कमी करा. पट्टा ताणला की कुत्र्याचे अंग पुढे झुकते आणि समोरच्याला ते धमकीसारखे दिसते, म्हणून हात सैल ठेवणे ही इथली निम्मी विद्या आहे. खेळात दोघे आळीपाळीने पाठलाग करत असतील, मध्येच थांबून अंग झटकत असतील, पुढचे पाय टेकवून मागचा भाग उंच करत असतील तर सारे ठीक. शंका आली, तर पाठलाग करणाऱ्याला क्षणभर धरून ठेवा. दुसरा परत आला तर तो खेळ होता, दूर निघून गेला तर त्याला तो खेळ वाटत नव्हता.

घरात आणताना खेळणी, हाडे, खाण्याची भांडी आधीच उचलून ठेवा. पाचही जण एकत्र, माणसाच्या नजरेआड, निदान पहिले तीन महिने कधीही नकोत. रात्री आणि तुम्ही बाहेर असताना तो त्याच्या खोलीतच राहू द्या. तुम्ही दोन दारे असल्याचे लिहिले, ती तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. त्याची नसबंदी झालेली नसेल, तर आत्ताच वैद्याशी ठरवा. तुमच्यातील एखादी मादी नसबंदीविना असेल, तर ती माजावर येण्याच्या आत. भांडण झालेच, तर गळपट्ट्याला हात घालू नका, कारण त्या क्षणी कुत्रा पाहून चावत नाही. मध्ये फळी, खुर्ची किंवा जाड चादर टाका, जोराचा आवाज करा, आणि सुटल्यावर दोघांना वेगळ्या खोल्यांत किमान एक-दोन दिवस ठेवा. एका भांडणाचा ताण शरीरातून तासाभरात उतरत नाही.

रक्त निघेल अशी दुसरी लढत झाली, किंवा घरातल्या चौघांपैकी कोणी खाणे सोडले, कोपऱ्यात लपू लागले, तर वर्तनाच्या जाणकार पशुवैद्याला विचारा, आणि त्यांनी सांगितले तर या पाचव्यासाठी दुसरे, बिनकुत्र्यांचे घर शोधा. या कारणासाठी ती तयारी आजच करून ठेवा : त्याच्या पालकांकडून, तीन महिन्यांत जमले नाही तर त्याला कोण घेईल, त्या माणसाचे नाव आणि होकार लिहून घ्या. त्यांना स्वतःला शक्य नसेल, तर त्यांच्या नातलगांपैकी कोणाकडून तरी घ्या, आणि तो तुमच्या दारात पाऊल टाकण्याच्या आधी घ्या.